अशोकच्या डोक्यातली खूण

जिवंत माणसाला नळकांड्यात घालायचं, वर "अजिबात हलू नका" म्हणून दटावायचं आणि महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार घ्यायचा, यात माझं आयुष्य गेलं. आम्हाला एमआरआय टेक्निशियन म्हणतात. संपादकांचा फोन आला, ताई, तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहून द्या, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. म्हटलं, देते की. गमती आहेतच. पण कागद पुढे ओढला की मला देवळ्याकडचा अशोक आठवतो आणि त्या आठवणीत हलकंफुलकं फार थोडं आहे. तेव्हा गमती आधी उरकून घेते.

नव्वदीच्या सुरुवातीला मी एक्स-रेवर लागले. मग सीटी स्कॅन आलं, ते शिकले. पुढे नाशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या सेंटरमध्ये एमआरआयचं मशीन आलं आणि मला त्यावर बसवलं. हे मशीन म्हणजे एक भलामोठा लोहचुंबक. माणसाला त्याच्या पोकळीत सरकवायचं आणि शरीराच्या आतले पातळ कापांसारखे फोटो काढायचे. भाकरीचे पापुद्रे सुटावेत तसा मेंदू एकेक थर करून समोर येतो. मात्र तोवर आत धडधड, कडकड, टुर्रर्र असे इतके आवाज चालतात की भलेभले घाबरतात. शिवाय अंगावर धातू चालत नाही. यावरून रोज एक भांडण ठरलेलं. बायका मंगळसूत्र काढायला तयार नसत. मी हळदीत भिजवलेला दोरा ड्रॉवरमध्येच ठेवला होता. मंगळसूत्र उतरवायच्या आधी तो गळ्यात बांधायचा, मग कुणाची तक्रार नसे. निफाडचे एक द्राक्षबागाईतदार डोक्याच्या फोटोसाठी आले, तर बायकोला बाहेर पाठवून माझ्या कानाशी विचारतात, ह्याच्यात मनातलं दिसतं का हो? मी म्हटलं, नाही काका, निवांत झोपा. तेव्हा कुठे गडी आत गेला.

आता कामाची एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फोटो आम्ही काढतो, पण तो वाचतात रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर, आमच्याकडे त्या एक मॅडम होत्या. पडद्यावर काय दिसलं ते नातेवाइकांना सांगायचा आम्हाला अधिकार नाही आणि तो नसावाच. अर्धवट ज्ञानावर कुणाचं घर आम्ही कशाला हलवायचं? पण बाहेर बाकावर बसलेली माणसं काही कमी नसतात. तुम्ही दार उघडून बाहेर आलात की ती तुमचा चेहरा वाचतात. म्हणून मला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, चेहरा भिंत करायचा. चांगलं दिसलं तरी हसायचं नाही, कारण आज एकाला हसलीस तर उद्या ज्याला हसणार नाहीस तो तिथेच खचेल. हा नियम मी कधी मोडला नाही. नवीन मुलामुलींनाही हेच शिकवलं, चांगलं दरडावून शिकवलं.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. देवळ्याच्या अलीकडच्या एका गावाहून जीपमधून तिघं आली. चाळिशीचा अशोक, त्याची साठी गाठलेली आई वेणूबाई आणि धाकटा भाऊ प्रभाकर. प्रभाकर तिकडेच एका शाळेत गुरुजी होता. अशोकला अलीकडे फिट यायला लागल्या होत्या आणि अंगणात पडून त्याचा ओठ फाटला होता. म्हणून भावाने त्याला नाशकात मेंदूच्या आजारांच्या डॉक्टरांकडे आणलं. त्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या तर दिल्याच, शिवाय अर्धा तास अशोकशी बोलून, त्याला बघून सांगितलं की याला जन्मापासून ऑटिझम आहे. डोक्याला कधी जुना मार बसला आहे का, तेही बघून घेऊ, म्हणून आमच्याकडे चिठ्ठी दिली.

चिठ्ठी वाचून मी चकित झाले. ऑटिझम हा शब्द मला ठाऊक होता, पण लहान मुलांच्या बाबतीत. न बोलणारी, नजर न देणारी, गाडीचं चाक फिरवत बसणारी मुलं आमच्याकडे येत. ती मुलं मोठी होऊन कुठे जातात, हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलाच नव्हता. ती मोठी होतात, दाढी करतात, केस पिकतात आणि गावात त्यांना येडं म्हणतात, हे मला समोर चाळिशीचा माणूस उभा राहिल्यावर कळलं. स्वतःच्या अज्ञानाचा असा धक्का त्याआधी मला बसला नव्हता.

अशोक माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या एसीकडे कान करून उभा होता. आईने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. प्रभाकर म्हणाला, ताई, त्याला डोक्याला हात लावलेला चालत नाही, आईशिवाय कुणी त्याची हजामतसुद्धा करू शकत नाही. आता डोक्याचा फोटो काढायचा म्हणजे डोक्यावर पिंजऱ्यासारखी एक टोपी बसवावी लागते. मी मनात म्हटलं, झालं कल्याण. भूल द्यायला डॉक्टरांना बोलावून ठेवलंच होतं.

पण प्रभाकरने एक गोष्ट सांगितली, ती ऐकली म्हणून बरं. तो म्हणाला, एकामागून एक काय होणार ते त्याला आधी कळलं पाहिजे, मग तो काही करत नाही. मी अशोकला दाराशी नेलं आणि रिकामं मशीन चालू करून दाखवलं. पहिला आवाज असा, दुसरा असा, तिसरा फार मोठा, मग संपलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला, आवाजाबरोबर मान हलवत राहिला. आवाज थांबले. त्याने आपणहून चपला काढल्या, टेबलावर जाऊन आडवा झाला आणि टोपी स्वतःच्या हाताने तोंडावर ओढून घेतली. भुलीचे डॉक्टर हात हलवत परत गेले. एवढ्या वर्षांत इतका स्थिर पेशंट मी पाहिला नव्हता. पैलवान लोक आत रडलेले मला माहीत आहेत.

मशीन सुरू करायला मी आतल्या खोलीत निघाले, तेवढ्यात वेणूबाईने बोळात माझा पदर धरला. ती घरात अहिराणी बोलणारी. हळूच म्हणाली, "बाई, यामा जुनं लागेल दिसस का?" म्हणजे जुना मार यात दिसतो का. मी म्हटलं, दिसतो मावशी. तिने विचारलं, किती जुना? मी घाईत होते. म्हटलं, मेंदूला मार बसला असला तर कितीही जुना असो, खूण राहते, मॅडम सांगतील तुम्हाला. यात चुकीचं काहीच नव्हतं, पेशंटच्या नातेवाइकांना हे मी शेकडो वेळा सांगितलं असेल. तिने पदर सोडला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

फोटो छान आले. मी सगळे थर मॅडमच्या संगणकावर पाठवले, अशोकला बाहेर काढलं. बाहेर येताच माणसं आधी पाणी मागतात किंवा देवाचं नाव घेतात. अशोक मशीनकडे बघून म्हणाला, "अजून." मला इतकं हसू आलं की विचारू नका. पण बाहेर नातेवाईक होते. मी चेहरा नेहमीसारखा सरळ केला, दार उघडलं, अशोकला प्रभाकरच्या हवाली केलं आणि फिल्म छापायला दुसऱ्या खोलीत गेले. वेणूबाई बाकावरून उठून माझ्या तोंडाकडे बघत होती, हे मला दिसलं होतं. सगळेच बघतात.

फिल्म घेऊन परत आले तर बाहेर वेगळंच चालू होतं. वेणूबाई फरशीवर बसली होती. प्रभाकर तिच्यापुढे उभा, तोंड पांढरं पडलेलं. ती म्हणत होती, "दिसनं तिले. ती बोलनी नही, पण दिसनं." दिसलं म्हणे मला. काय दिसलं? मी तिथेच थबकले. मग तिने जे सांगितलं ते मी आणि बाकावर बसलेल्या चार अनोळखी माणसांनी ऐकलं. तिची अहिराणी मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, म्हणून माझ्या मराठीत सांगते.

अशोक तिचा पहिला मुलगा, तेव्हा दोन महिन्यांचा. बाळाला तेल लावून, पाय लांब करून, पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालतात, ते काम सासूचं असे. त्या दिवशी सासू कांदालागणीला शेतावर गेली होती आणि यायला उशीर झाला. बाळ रडत होतं. एकोणीस वर्षांच्या वेणूने ठरवलं, आज मीच घालते. तेल जास्त झालं. बाळ हातातून निसटलं आणि न्हाणीच्या दगडावर डोकं आपटलं. थोडा वेळ रडलं, मग अंगावर पिऊन झोपलं. टेंगूळ आलं, ते तिने टोपड्याखाली झाकलं. कुणालाही सांगितलं नाही. तीन वर्षांचा झाला तरी अशोक बोलेना, हाक मारली तरी बघेना, तेव्हा घरचे म्हणाले देवाची करणी. तिला वाटलं, करणी कुणाची ते मला माहीत आहे.

हे चाळीस वर्षं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवरा वारला, त्यालाही नाही.

मी फिल्म हातात धरून उभी. पुढे जावं की मागे, कळेना. आणि एवढ्यावर ते थांबलं नाही. प्रभाकर मास्तर माणूस, त्याचं डोकं लगेच पुढे गेलं. तो म्हणाला, म्हणून तू त्याला डॉक्टरला दाखवू दिलं नाहीस. मालेगावचा डॉक्टर म्हणाला होता नाशकाला न्या, तू नको म्हणालीस. मी कॉलेजात असताना त्याला डॉक्टरांच्या शिबिराला नेणार होतो, तू दोन दिवस जेवली नाहीस. आम्हाला वाटायचं, आईचा जीव अडकलाय त्याच्यात. तू भीत होतीस. डॉक्टरला कळेल म्हणून तू त्याला घरात कोंडून ठेवलंस. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला. शेवटी म्हणाला, "एवढी वर्षं तोंड उघडायला काय झालं होतं तुला?"

वेणूबाईने मान वर केली. मला वाटलं, आता ही पाया पडेल किंवा ऊर बडवेल. ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला माझ्या मांडीवर कोणी ठेवलं असतं का?"

प्रभाकर मटकन बाकावर बसला. त्या बाकावरच्या एका बाईने डोळ्याला पदर लावला, ती कोण होती देव जाणे. मला दोन मुलं आहेत. दोघांनाही माझ्या आईने न्हाऊ घातलं, मी नुसती शेजारी बसून तांब्या देत होते. तेल लावलेलं बाळ किती निसरडं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

तेवढ्यात मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. आमच्या मॅडम बाई गोड बोलणाऱ्या, बाहेरचं त्यांनी काही ऐकलं नव्हतं. फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावली आणि म्हणाल्या, काळजीचं कारण नाही, मार लागल्याची कुठलीही जुनी खूण नाही. फिटच्या गोळ्या चालू ठेवा.

मॅडम बिचाऱ्या गोंधळल्या. चांगली बातमी दिल्यावर लोक हात जोडतात, इथे तिघं दगडासारखी उभी. मग प्रभाकरने विचारलं, दोन महिन्यांचा असताना पडला होता, त्याचं काही? मॅडमनी परत एकदा सगळे थर नीट बघितले. म्हणाल्या, डोकं आपटून मेंदूचं इतकं नुकसान झालं असतं तर जे दिसायला हवं होतं, ते इथे नाही. टेंगूळ आलं असेल, जिरलं असेल. मुलं पडतातच. ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. हा मेंदू पोटातच असा घडलेला असतो.

वेणूबाईला ते पटेना. ती पुढे झाली आणि अशोकच्या डोक्यावर उजव्या कानामागे बोट ठेवून म्हणाली, इथं बघा, नीट बघा, इथं लागलं होतं. अशोकने तिचं बोट झटकलं आणि मशीनच्या दाराकडे बघत पुन्हा "अजून" म्हणाला. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, त्या जागेचा थर दाखवला, उजवी बाजू, डावी बाजू. दोन्हीकडे सारखंच होतं. माझ्यासारखीलाही कळत होतं.

मग प्रभाकरने विचारलं, पोटातच वेगळा घडला म्हणता, तर ते वेगळेपण कुठे आहे ते दाखवा. मॅडम म्हणाल्या, ते मला दाखवता येणार नाही. परदेशात अशा मोठ्या माणसांच्या मेंदूंचे पुष्कळ फोटो घेतात, इतरांच्या फोटोंशी ताडून बघतात, मोजमाप करतात. कुठला भाग जरा मोठा, कुठे मेंदूवरची साल जरा जाड, या भागाकडून त्या भागाकडे जाणाऱ्या तारा वेगळ्या, असं काही काही त्यात सापडतंय. तेही सगळ्यांचं एकमेकांशी जुळत नाही. पण अनेकांचा हिशेब एकत्र केल्यावरच ते दिसतं. एकट्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवून, हे बघा इथे, असं नाही सांगता येत.

हा धक्का माझ्यासाठी खास होता. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते की या मशीनमध्ये सगळं दिसतं. गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो, सरकलेला मणका दिसतो. आणि इथे एका माणसाचं सगळं जगणं वेगळं झालं, त्याच्या आईचं झालं, भावाचं झालं आणि पेटीवर लावलेली फिल्म अगदी माझ्या डोक्याची असावी तशी. मला त्या मशीनचा रागच आला. एवढं अवाढव्य धूड, आणि जे नाही ते नाही म्हणून दाखवलं, जे आहे ते दाखवलं नाही.

मला वाटलं होतं, वेणूबाई आता मोकळी होऊन रडेल. ती रडली नाही. पाणी कुठे आहे विचारलं, पेलाभर प्यायली, पिशवी उचलली आणि खाली जाऊन जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी पुढे बसली. येताना ती मागे बसून आली होती, अशोकचं मनगट धरून. प्रभाकर जरा वेळ जीपच्या दाराशी उभा राहिला. मग मागे चढला आणि त्याने अशोकचा हात धरला. अशोकने तो सोडवून घेतला.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना मी बाहेरचा प्रकार सांगितला. त्या डबा तसाच ठेवून बसल्या. म्हणाल्या, तू नुसतं हसली असतीस तरी ती बोलली नसती. मी म्हटलं, मॅडम, हसले असते तर ती गप्प राहून परत गेली असती, आणि तुम्ही खूण नाही म्हणालात तरी तिने ते मानलं नसतं. मनात म्हणाली असती, यांना काय माहीत. माझा नियम बरोबरच होता. आजही मी तेच म्हणते. पण त्यानंतर भिंतीसारखा चेहरा करून दार उघडताना बाकावर कुणाची आई बसली आहे का, ते मी दर वेळी आधी बघून घ्यायचे, आणि ही सवय निवृत्त होईपर्यंत गेली नाही.

महिनाभराने प्रभाकर अशोकला घेऊन फिटच्या डॉक्टरांकडे आला होता. त्यांना फिल्मची आणखी एक प्रत हवी होती म्हणून आमच्याकडे वर आला. अशोक तडक मशीनच्या दाराशी जाऊन कान लावून उभा. त्याची दाढी अर्धवट, गालावर दोन ठिकाणी कापलेलं. प्रभाकरचे डोळे जागरणाने लाल. बायको चिडलीये, शाळेत रजा टाकलीये, हा रात्री उठून घरभर फिरतो, जेवण ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं पुढे गेलं तर ताट उलटं करतो, असं बरंच काही तो सांगत राहिला. आई हे सगळं कशी करायची कोण जाणे, आम्हाला कधी कळूच दिलं नाही, म्हणाला.

मी घाबरले. वाटलं, म्हातारी गेली. चाचरत विचारलं, वेणूबाई?

तो म्हणाला, "माहेरी गेलीये, मामाकडे. माझ्या आठवणीत ती तिथे एक रात्र राहिली नव्हती." आणायला गेला नाहीत का, मी विचारलं. गेलो होतो ना, तो म्हणाला, परवाच गेलो होतो. मामाच्या ओसरीवर निवांत बसली होती, मामाच्या नातीला मांडीवर घेऊन. मी म्हटलं, आई, घरी चल, आमच्याने होत नाही. आता तर डॉक्टरांनी पण सांगितलं ना, तुझी काही चूक नव्हती.

मग काय म्हणाली?

प्रभाकर माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणाली, माझी होती तोवर मी एकटीने केलं. आता चूक कोणाचीच नाही ना? मग आता सगळ्यांनी करा."